तोमासा आत्याआजीचा जांभळा

हिरव्या भुशाचं घमेलं दे म्हणाली. हिरव्या! अहो, हिरवा भुसा त्या दिवशी अंगणात नव्हताच... चार घमेली होती, मी माझ्या हातांनी ओळीत मांडलेली, जांभळं, पिवळं, पांढरं आणि निळं, आणि आत्याआजी हात लांब करून म्हणते कशी, "येसेनिया, ते हिरवं सरकव इकडं," आणि मी दचकले. चाळण सुटली हातातून, गरगरत गेली अंगणभर, कोंबड्या उधळल्या, आणि वर मलाच बोलणी, "तुझं हे नेहमीचंच, मांजर शिंकलं तरी तू जिन्यावरून पडतेस!" म्हणजे चुकली ती आणि पडले मी! बरं, मी निळं सरकवलं. तिनं त्यात हात घातला, भुसा चोळला, नाकाशी नेला, "हं" म्हणाली आणि लागली कामाला. एवढंच. एवढंसंच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हातारं माणूस, शब्द चुकला असेल तोंडातून. मीही स्वतःला तेच म्हटलं, सात वेळा म्हटलं, आणि सात वेळा त्या घमेल्यांत डोकावून आले. मी दचकते, हे मान्य. पण मला दिसतं ते दिसतं!

अहो, अहो, तिथं पाय नका देऊ! ती पाइनच्या पात्यांची कड आहे, सकाळपासून ओफेलियाकाकू गुडघ्यांवर बसून लावताहेत, त्यांनी पाहिलं तर माझाच जीव घेतील. मधे उभे राहा, मधे खुशाल उभे राहा, मधे दगडांशिवाय आहेच काय! हेच विचारत होतात ना मघाशी? की अख्ख्या अँटिग्वा गावात मिरवणुकीच्या वाटेवरचे रंगवलेल्या लाकडी भुशाचे गालिचे पुरे होत आले आणि याच गल्लीत नुसत्या कडा, फुलं, कबुतरं, आणि मधला पट्टा असा बोडका का? तर त्या पट्ट्याचा जांभळा भुसा आत आहे. आत्याआजी आत आहे. कडी आतून आहे. चार वाजता पवित्र गुरुवारची मिरवणूक इथून जाणार आहे. आणि मी सकाळी नऊपासून या दाराशी आहे.

आत्याआजीऽऽ!

...बघा. ओ नाही.

मला तर भलतंसलतं सुचायला लागलंय. पडली असेल का? चक्कर आली असेल का? पण नाही, मधून मधून पाणी ओतल्याचा आवाज येतोय, आणि पडलेलं माणूस पाणी ओतत नाही, एवढं मला कळतं. ती ऐकतेय. सगळं ऐकतेय. कान तिचे मांजराचे आहेत, तो काही प्रश्न नाही!

तर काय सांगत होते... हां. एकावन्न वर्षं. एकावन्न वर्षं या गल्लीचा सगळा भुसा माझी आत्याआजी रंगवते. माझ्या बाबांची आत्या, तोमासा नाव, लग्न केलं नाही, "मला नवरा करायला उपवासकाळात वेळ नव्हता आणि बाकीच्या वर्षात इच्छा नव्हती," असं सांगते. माप नाही, चमचा नाही, वही नाही. नजर! नुसती नजर! रंगाची पुडी फोडायची, पाण्यात सोडायची, भुसा टाकायचा, दोन्ही हातांनी मळायचा, मूठभर उचलून उजेडात धरायचा, आणि मग जगाला सांगायचं की हा झाला. तिनं "झाला" म्हटलं की झाला. इथं देवाधर्माच्या गोष्टीत पाद्रीबाबांशी लोक वाद घालतील, पण जांभळ्यावरून आत्याआजीशी? कुणाची छाती!

आणि तिनंच एके दिवशी मला सांगितलं, पांढऱ्याची दोन पोती झालीत, एक चेपे सुताराला परत कर. दोन पोती! त्यातलं एक पिवळं होतं! कोवळं पिवळं, कणसाच्या दाण्यासारखं, तिनंच आदल्या आठवड्यात रंगवलेलं! मी दोन्ही पोत्यांकडे बघते, तिच्याकडे बघते, पुन्हा पोत्यांकडे बघते... आणि म्हणाले काय? म्हणाले, "हो, आत्याआजी." आणि ते पोतं माझ्या खोलीत पलंगाखाली ढकललं. हे माझं शौर्य! कॉलेजात सहा वर्षं घालवली, तर्कशास्त्रात पहिला नंबर, आणि पोतं पलंगाखाली!

पण जांभळा पलंगाखाली ढकलता येत नाही हो.

उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारची मिरवणूक. आदल्या दिवशी ही अंगणात, पुढ्यात जांभळ्याचं घमेलं, सुंदर जांभळा, देवाच्या खांद्यावर शोभेलसा, मी डोळ्यांनी पाहिला. आणि ही म्हणते, "हा कसला जांभळा? हा तर भिजल्या विटेचा रंग! पुड्यांत हल्ली रंग नसतो, माती भरतात माती!" आणि ओतली दुसरी पुडी. उजेडात धरला. "अजून विटकरीच." तिसरी पुडी! मी म्हणणार होते. देवाशपथ, तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तिनं मान वळवून विचारलं, "काय गं?" आणि मी दचकून म्हणाले, "काही नाही, माशी."

माशी!

दुसऱ्या दिवशी गल्लीत गालिचा पसरला आणि ऊन वर आलं... काळा. काळाकुट्ट, डांबरासारखा. आता तुम्ही बाहेरगावचे, म्हणून सांगते, गुड फ्रायडेच्या दुपारी तीनपर्यंत सगळं जांभळं, झगे जांभळे, पताका जांभळ्या, आणि तीन वाजता प्रभूंनी प्राण सोडला की मग काळं. आणि आम्ही काळं कधी अंथरलं? चार आठवडे आधी! देव अजून चालतोय, खांद्यावर क्रूस आहे, आणि आमच्या गल्लीनं सुतक धरलंय! जित्या माणसाच्या दारात जाऊन तेराव्याची पंगत मांडावी, तसं! ऐंशी खांदेकरी जांभळ्या झग्यांत कोपऱ्यावर आले आणि थबकले. देवाच्या मूर्तीचं एवढं मोठं मखर खांद्यावर, आणि थबकले! तुतारीवाल्याचा सूर मधेच फाटला. पुढचा एक जाडा खांदेकरी शेजाऱ्याला विचारतो, "काय रे, आपण उशिरा तर नाही ना आलो?" आणि कडेला एक म्हातारी उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला, "गेले का हो? कधी गेले? मला कुणी सांगितलंच नाही!"

मी भिंतीत शिरायची जागा शोधत होते. आणि आत्याआजी? आत्याआजी उंबऱ्यावर उभी, केस विंचरलेले, कानात मोती, आणि मखर तिच्या रंगावरून जाताना तिचा चेहरा असा... असा फुललेला! माझं मनगट धरून म्हणाली, "पाहिलास जांभळा? एकावन्न वर्षांत असा उतरला नव्हता."

आणि मी काय म्हणाले? विचारा ना, विचारा. मी म्हणाले, "हो, आत्याआजी. सुरेख."

आत्याआजीऽऽ! अगं दार उघड ना!

...नाही.

मग आले रिगोबेर्तोकाका. गालिचा मंडळाचे अध्यक्ष, दोन मिशा, एक हॅट, आणि ती हॅट छातीशी धरून, जणू घरात प्रेत आहे, "तोमासाबाई, तुम्ही फार केलंत गल्लीसाठी. आता विश्रांती घ्या. तयार रंगवलेला भुसा पोत्यांनी मिळतो हल्ली." आत्याआजी भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली नाही, हे मुद्दाम सांगते. म्हणाली, "रिगोबेर्तो, डोळे माझे ठीक आहेत. रंगच हल्ली खोटे येतात!" झालं! त्या दिवसापासून तेच. पालक निळसर दिसला, रंगच खोटे! एका पायात काळा मोजा आणि एका पायात गडद निळा, रंगच खोटे! सगळ्या जगातल्या कारखान्यांनी संगनमत करून हिच्याविरुद्ध कट केलाय आणि एकटी ही तेवढी खरी!

मग मी गेले डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. आत्याआजीला घेऊन? छे, तिला उचलून न्यायला क्रेन लागेल. मी एकटीच गेले, खुर्चीत बसले, आणि बाई म्हणाल्या, "अक्षरं वाचा," मी म्हटलं, "माझे डोळे नाहीत, आत्याआजीचे आहेत," त्या म्हणाल्या, "मग ते कुठं आहेत?" बाई चांगल्या हो, हसल्या नाहीत फार. त्यांनी सांगितलं, डोळ्यात भिंग असतं, आणि वयाबरोबर ते पिवळं पडत जातं. चुलीजवळच्या खिडकीची काच कशी धुरानं पिवळी होत जाते, रोज थोडी, रोज थोडी, आणि घरात राहणाऱ्याला कधी कळतच नाही. तशा काचेतून निळा उजेड नीट आत येईनासा होतो. निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात, पिवळा आणि पांढरा जुळे भाऊ होतात, आणि जांभळ्यातला निळा गेला की उरतं काय? विटकरी! "म्हणजे ती खोटं बोलत नाही?" मी विचारलं. "मुळीच नाही," बाई म्हणाल्या, "तिला जे दिसतं तेच ती सांगते." बघा! अगदी माझंच वाक्य! आणि मग म्हणाल्या, हे कमीजास्त सगळ्यांचं होतं, सुरुवात तर चाळिशीच्या आसपासच होते. मी सव्वीस वर्षांची आहे. तेव्हापासून रोज सकाळी उठले की आधी मोरीतली निळी बादली बघून येते.

भिंग बदलता येतं म्हणाल्या. छोटीशी शस्त्रक्रिया. मी घरी येऊन आडवळणानं विषय काढला, शेजारच्या गावच्या कुणा काल्पनिक बाईचं नाव घेऊन. आत्याआजी म्हणाली, "त्या काल्पनिक बाईला सांग, मी एकावन्न वर्षं ज्या डोळ्यांनी देवाची वाट रंगवली, त्यांना सुरी लावू देणार नाही."

आणि मग परवा मंडळाची बैठक. रिगोबेर्तोकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "ती बाई आंधळी झालीय, आता स्पष्ट बोलायला हवं." आंधळी! अहो, मला काय झालं कोण जाणे... मी उभी राहिले. मी! जी वर्गात हजेरी देताना घाबरून दुसऱ्याच्या नंबराला "हजर" म्हणायची, ती मी! म्हटलं, "काका, थांबा." घरी पळाले, बारा वाट्या भरल्या, निळ्यापासून हिरव्यापर्यंत, एकेक पायरी, सगळा भुसा मी डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर रंगवून ठेवलेला, प्रत्येकीच्या बुडाला आकडा, आणि आणून मांडल्या टेबलावर. "लावा ओळीत. आंधळं कोण ते बघू!"

काय सांगू तुम्हाला! रिगोबेर्तोकाका एकोणसत्तर वर्षांचे, मंडळातले अनिबाल मास्तर चौऱ्याहत्तर, ओफेलियाकाकू सहासष्ट. बैलबाजार झाला तिथं! मास्तर म्हणतात, "हा निळा." काका म्हणतात, "मास्तर, चष्मा पुसा, हा हिरवा, माझ्या दाराचाच रंग!" ओफेलियाकाकू म्हणतात, "तुमचं दार निळं आहे." "माझं दार? माझं? गेली आठ वर्षं मी त्या हिरव्या दारातून आत जातोय!" तेवढ्यात मागून काकांची बायको, त्यांच्यापेक्षा तरुण आहे बरीच, शांतपणे म्हणाली, "निळंच आहे. तुम्ही हिरवं सांगून निळा डबा घेऊन आलात. मी म्हटलं, जाऊ दे, घरात शांतता राहू दे." मास्तरांनी सहा वाट्यांची ओळ लावली, आकडे पाहिले तर तीन, नऊ, चार, अकरा, पाच, दहा! आणि ओफेलियाकाकूंनी तर हातच जोडले, "मला यात काही कळत नाही, मी पाइनची पाती लावते, पाती हिरवीच असतात."

जिंकले होते हो मी! दोन मिनिटं. छाती अशी! मी दचकते, हे मान्य, पण मला दिसतं ते दिसतं, आणि आता त्यांनाही दिसलं होतं की कुणालाच दिसत नाही!

आणि मग ओफेलियाकाकू हळूच म्हणाल्या, "पण मग... गुरुवारच्या मिरवणुकीचा जांभळा बघणार कोण?"

झालं! आणि एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्याकडे. रिगोबेर्तोकाका म्हणाले, "ही पोर! तरणे डोळे! हिनंच रंगवायचं यापुढं." टाळ्या काय, शाबासकी काय... आणि मी मागं वळले. दारात आत्याआजी. हातात मंडळासाठी आणलेल्या आतोलाचं, मक्याच्या गोड पेयाचं, गरम भांडं. किती वेळ उभी होती, देव जाणे. तिनं भांडं टेबलावर ठेवलं, त्या बारा वाट्यांच्या शेजारी, हात पुसले आणि गेली.  जाताना माझ्याकडे पाहिलं नसतं, तर बरं झालं असतं. पाहिलं.

तिची बाजू घ्यायला गेले आणि तिच्याच हातातलं घमेलं काढून घेतलं. मी! कुणी सांगितलं होतं मला उभं राहायला? आयुष्यात एकदा धीर केला, एकदाच, तर तो हा असा!

मग आज सकाळी ती उठली, जांभळ्याच्या सगळ्या पुड्या घेतल्या, कोरडा भुसा घेतला, आत गेली आणि कडी लावली. आत काय करतेय? तिसरी पुडी ओतली असेल का? पाचवी? मला दिसत नाही हो! पहिल्यांदाच मला काही दिसत नाही!

आत्याआजीऽऽ!

...आले. बघा, आले. मिशा पुढं, काका मागं. हातात काय आहे ते? पहार? चेपे सुताराची पहार! काका, ती पहार कशाला आणलीत? ...काय? अडीच वाजले? हो, वाजू देत. ...पोरी, बाजूला हो? नाही होणार. ...काय म्हणालात? मी कापतेय? हो, कापतेय! तुम्ही पहार आपटलीत तर किंचाळेनही, पण या दारातून हलणार नाही! कापत कापत उभी राहीन! हे दार मोडून आत जायचं आणि काय करायचं? एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या हातातून भुसा हिसकावायचा? आणि मग बघणार कोण तो, जांभळा की काळा? तुम्ही? आधी जाऊन स्वतःचं दार बघा, मग आमच्या दाराला हात लावा! ...नाही, मी उद्धट नाही. मी घाबरलेली आहे. घाबरलेल्या माणसाशी वाकड्यात शिरू नये, तो काय करील त्याचा नेम नसतो! काळा झाला असेल तर काळा म्हणेन मी, तिच्या तोंडावर म्हणेन, पण उघड्या दारात म्हणेन, मोडक्या दारात नाही! ...मागं व्हा. अजून मागं. तिकडं, पात्यांच्या पलीकडं. आणि ती पहार खाली ठेवा, माझं लक्ष जातंय तिच्याकडे.

...गेले. गेले हो! मला पाणी द्या कुणीतरी.

नाही, थांबा. आता बोललेच आहे तर... तिच्या तोंडावर म्हणेन म्हटलं ना? तोंड आत आहे, पण कान दाराला लागलेले असणार. तुम्ही जरा तिकडं तोंड करा, मला लाज वाटते.

आत्याआजी! ऐक! तिसऱ्या रविवारचा गालिचा काळा होता! ...काळा! जांभळा नव्हता! मी सुरेख म्हणाले ते खोटं म्हणाले! माशीही नव्हती! आणि पिवळं पोतं माझ्या पलंगाखाली आहे! मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी भ्याले, तुझ्या डोळ्यांना नाही भ्याले, तुझ्या तोंडाला भ्याले! तुझा रंग मला नको! मला भुसा मळता येत नाही, माझ्या हातचा गोळे गोळे होतो, तुला ठाऊक आहे! मला फक्त दिसतं, आत्याआजी, बाकी मला काही येत नाही!

...

पाण्याचा आवाज थांबला.

श्श्! कडी... कडीच वाजली ना ती? तुम्हीही ऐकलीत? दार... चार बोटं. चारच बोटं उघडलंय. हात आला बाहेर. दोन्ही हात आले, कोपरापर्यंत रंगलेले, दोन्ही मुठींत ओला भुसा... हो आत्याआजी, मीच आहे. ...हो. ...हो, हळू बोलते. ...हो, रिगोबेर्तोकाका तिकडं लांब उभे आहेत, त्यांना नाही ऐकू येणार. ...काय?

...विचारतेय, यातला जांभळा कुठला?

तुम्ही काही ऐकलं नाहीत हं! शपथ घ्या. तुम्ही बाहेरगावची माणसं, गालिचे बघायला आलात, गालिचे बघा!

...डावा, आत्याआजी. डाव्या मुठीतला. सुंदर आहे गं. खरंच सुंदर आहे, आज खरंच. ...हो. डावा. नक्की.

आणि ऐकलंत? आता हे ऐकलंत ना? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी काय ओरडली ती, ऐकलंत ना?

"अगं, तेच तर मघापासून सांगतेय मी तुला!"